शर्यतीसाठी माळ द्या

रस्त्यावरच्या चोरट्या मोटारशर्यतींचे सिनेमे पोरांना बिघडवतात, असं बेळगावात ठामपणे मानलं जातं. बायपासला एखादी दुचाकी दुभाजकावर आदळते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर निकाल लागलेला असतो: मोबाईल, रील आणि इंग्रजी पिक्चर. निकाल देणाऱ्यांत अशीही माणसं असतात, ज्यांनी आपल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातात स्वतःच दोनशे सीसीची गाडी दिलेली असते. मला हा निकाल मान्य नाही. ‘वय आहे, पळवू देत की’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीलाही मला बसायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, वेगाची हौस असणाऱ्यांना सरकारने आणि गावाने मिळून जागा द्यावी, आणि जागा दिल्यावर रस्त्यावर तीच हौस करणाऱ्याला अजिबात दयामाया दाखवू नये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आपण यातलं एकही करत नाही.

आधी सिनेमाचं बघू, कारण सगळं खापर त्याच्यावर फुटतं. या जातीच्या चित्रपटांत पोरांच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव असतं ते २००६ सालच्या ‘टोकियो ड्रिफ्ट’चं. ‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेतला हा तिसरा चित्रपट, दिग्दर्शक जस्टिन लिन. कथा पातळ, संवाद आठवणीत राहतील असे नाहीत. पण मोठी माणसं समजतात तेवढा तो बेअक्कल नाही. सुरुवातीलाच अमेरिकेतल्या अर्धवट बांधलेल्या घरांच्या वसाहतीतून दोन पोरं गाड्या दामटतात, भिंती फोडतात, पकडली जातात. पैसेवाल्यांचं पोर आईबापांच्या वजनावर सुटतं. नायकाला वजन नाही, म्हणून त्याची रवानगी टोकियोत नोकरी करणाऱ्या बापाकडे होते. तिथे पोचल्या-पोचल्या तो पार्किंगच्या इमारतीतल्या शर्यतीत दुसऱ्याची गाडी घेऊन उतरतो आणि भिंतींवर घासून तिचा पार चुराडा करतो. सरळ रस्त्यावर पळवता येतं म्हणजे वळणावर गाडी घसरवता येते असं नाही, हे त्याला तिथे कळतं. मग तो शिकतो. कुठे, तर बंदराकडच्या मोकळ्या जागेत, पुन्हा पुन्हा, लाज जाईपर्यंत. तिथे गळ टाकून बसलेले मासेमार त्याची टर उडवतात. त्यांतला एक जण खराखुरा केइची त्सुचिया आहे, ज्याला जपानात ड्रिफ्टिंगचा, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवण्याच्या कलेचा, राजा म्हणतात. चित्रपट बनवताना त्याचं मार्गदर्शन घेतलेलं होतं.

सिनेमात शिकण्याचा एवढा भाग आहे, तो कुणी रीलवर लावत नाही. रीलवर येतो तो शिबुयाचा चौक. टोकियोतला माणसांनी गच्च भरलेला चौक, आडव्या घसरत येणाऱ्या गाड्या, आणि त्यांच्यासाठी अलगद दुभंगणारी गर्दी. कुणाला साधा ओरखडाही उठत नाही. ते दृश्य बरंचसं संगणकावर रचलेलं आहे. या सगळ्या चित्रपटांची मोठी लबाडी कुठली असेल तर ती ही. वेग खोटा नाही, गाड्या खोट्या नाहीत, चालवणारे तर जगातले एक नंबरचे स्टंट-ड्रायव्हर होते. बाजूला होणारी गर्दी तेवढी खोटी. खडेबाजारात रविवारी सकाळी किंवा गणपत गल्लीत चवथीच्या आदल्या दिवशी हॉर्न वाजवून बघा. आपली गर्दी दुभंगत नाही, ती वळून आधी कोण वाजवतोय ते बघते.

आणखी एक बारकी गोष्ट. नायक शिकताना जी लाल मित्सुबिशी लान्सर चालवतो, ती मुळात चारही चाकांना ताकद देणारी गाडी. ड्रिफ्टच्या दृश्यांसाठी तिची रचना बदलून फक्त मागच्या चाकांवर आणावी लागली. म्हणजे पडद्यावरची गाडीसुद्धा दुकानातून आणून लगेच घसरवलेली नाही. आता आपल्याकडचं चित्र बघा. टिळकवाडीपासून वडगावपर्यंत पोरांच्या हातात येणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारी, स्विफ्ट म्हणा, आय-ट्वेंटी म्हणा, पुढच्या चाकांवर पळतात. त्यांचा हँडब्रेक ओढला की मागची चाकं जाम होऊन फरफटतात आणि गाडी गिरकी घेते. पोरं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. खऱ्या ड्रिफ्टमध्ये मागच्या चाकांना इंजिनची ताकद देऊन ती घसरत ठेवायची असतात, स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला धरून गाडीचा तोल पायाने सांभाळायचा असतो, आणि तो कोन वळण संपेपर्यंत टिकवायचा असतो. हँडब्रेक ओढल्यावर चालवणाऱ्याच्या हातात पुढे फारसं काही उरत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे आहेत: बोलेरो, जुनी ओम्नी. पण त्या उंच आहेत. त्या घसरण्याआधी कलंडतात, हे शेतावर माल भरून नेणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

ड्रिफ्टिंगचा स्वतःचा इतिहास तर या बाबतीत फार बोलका आहे. १९७० च्या दशकात जपानच्या सर्किटवर कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा शर्यतपटू वळणांवर मोठ्या कोनात गाडी घसरवत बाहेर पडायचा. त्याचं बघून त्सुचियासारख्या तरुणांनी तीच कला घाटरस्त्यांवर नेली. रात्री, चोरून. टोयोटाची हलकी एई-८६ ही त्या काळातली लाडकी गाडी. त्सुचियाच्या घाटातल्या करामतींची व्हिडिओ कॅसेट १९८७ मध्ये निघाली आणि त्यापायी त्याचा परवानाही काही काळ गेला. आपल्या पोरांना गोष्ट इथपर्यंत माहीत असते. पुढची सांगायला हवी. तोच त्सुचिया सर्किटवर गेला. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपला गट जिंकला आणि १९९९ मध्ये तिथेच एकूणात दुसरा क्रमांक मिळवला. ड्रिफ्टिंगच्या स्पर्धा ‘डी-वन’ या नावाने बंद ट्रॅकवर, परीक्षकांसमोर सुरू झाल्या आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने टोकियोतच ड्रिफ्टिंगची जागतिक स्पर्धा भरवली. ज्या खेळाची सुरुवात पोलिसांना चुकवून झाली, त्याला तीस-चाळीस वर्षांत तिकीट लावून बघण्याचा दर्जा आला.

याच काळात जपानने दुसऱ्या हाताने काय केलं? घाटांतल्या प्रसिद्ध वळणांवर उंचवटे बसवले, मधोमध खांब रोवले, म्हणजे गाडी आडवी घालायला जागाच उरू नये. २००१ मध्ये धोकादायक वाहन चालवून जीव घेण्याचा स्वतंत्र, कडक गुन्हा फौजदारी कायद्यात आणला. त्या देशात १९७० मध्ये रस्त्यांवर एका वर्षात १६,७६५ माणसं मेली होती. २०२३ मध्ये हा आकडा २,६७८ होता. ही घट एका कायद्याची किंवा एका ट्रॅकची नव्हे. त्यात चांगले रस्ते, सीटबेल्ट, दवाखाने, गाड्यांची बांधणी सगळं आलं. पण वेगाचं वेड असलेला देश आपले रस्ते सुरक्षित करू शकतो, एवढं तरी त्यातून दिसतं. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यांतले दर शंभरांतले एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत, आणि मेलेल्यांत शंभरांतले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे.

आता आपले रस्ते. सीमाभागातल्या पोराला घाट शोधायला जपानला जावं लागत नाही. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी सोडलं की चोर्ला. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी ओलांडून पुढे आंबोली. उत्तरेला महामार्गावर काकती सोडली की वंटमुरीचा घाट, आणि निपाणीच्या अलीकडे तवंदी. चोर्ल्यात जून ते सप्टेंबर धुकं इतकं उतरतं की समोरच्या ट्रकचा मागचा दिवा शेवटच्या क्षणी दिसतो. आंबोलीत पाणी रस्त्यावरून वाहतं. आणि ऊस सुरू झाला की चिकोडी, अथणी, निपाणीच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याच वेळा मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ताशी ऐंशीने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसली, मेंदूला कळली, पाय ब्रेकवर गेला, तेवढ्यात ते बावीस मीटर संपलेले असतात आणि ब्रेक अजून लागायचा असतो. वेग चाळीसचा ऐंशी झाला की आदळण्याची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. नववीच्या विज्ञानात हे सूत्र आहे. आपल्या पोरांना त्यात पैकीच्या पैकी मिळतात.

त्या ट्रॉलीवर बसलेला माणूस कुठल्याच सिनेमात नसतो. मला राग येतो तो या ठिकाणी. पडद्यावर हरलेला आपली गाडी गमावतो. इथे पोरगं पैज लावतं आणि गमावतो दुसराच: पहाटे किणये, बेळगुंदीकडून दुधाच्या किटल्या घेऊन शहरात येणारा, उद्यमबागेतली रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला, शाळेच्या बससाठी रस्त्याकडेला उभी राहिलेली. या माणसांनी शर्यतीत भाग घेतलेला नसतो. त्यांना विचारलेलंही नसतं. वेगाच्या बाजूने मी काहीही ऐकून घेईन. मला स्वतःला इंजिनाचा आवाज आवडतो, आरएक्स हंड्रेड रस्त्याने गेली की आजही मान वळते. पण जो न विचारता दुसऱ्याचा जीव पैजेला लावतो त्याची बाजू मला कधी पटलेली नाही.

आपल्या खेड्यांना ही गोष्ट सिनेमाच्या कितीतरी आधी कळली होती. बेळगाव तालुक्यात रिकामी बैलगाडी पळवण्याची शर्यत बघितली असेल तर आठवा. ती माळावर होते. आधी माळ साफ करतात, दगड वेचतात, हद्दीच्या खुणा घालतात. बऱ्याच ठिकाणी एकेक जोडी सोडतात, घड्याळ लावून अंतर मोजतात. पंच असतात आणि पंचांशी भांडायचीही एक रीत असते. लोक दोरीच्या मागे. माळकरी म्हातारासुद्धा त्या दिवशी बैलाच्या नावाने शिट्टी मारतो. वेग, पैज, ईर्षा, गर्दीचा आरडाओरडा, हरल्यावरचं तोंड, सगळं काही तिथे आहे. कमी असतो तो फक्त गावातून जाणारा एसटीचा रस्ता.

आणि या शर्यतींचं कायद्यात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. मग तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी आपापले कायदे दुरुस्त केले. आपल्या कर्नाटकाने कंबळासोबत (चिखलातली रेड्यांची शर्यत) बैलगाडीची शर्यतही त्यात घातली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राणिप्रेमींचे आक्षेप अजून आहेत आणि ते सगळेच चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. पण सरकारने त्या प्रकरणात जे केलं ते नीट पाहा. लोकांची हौस मोडून निघत नाही हे ओळखलं, परवानगीची पद्धत घातली, पशुवैद्य आणला, अटी लिहिल्या, अटी मोडल्या तर शिक्षा ठेवली. आमदार, खासदार, सगळ्या पक्षांचे, या एका मुद्द्यावर एकत्र होते. बैलांच्या बाबतीत जी समज दाखवली ती पोरांच्या बाबतीत दाखवायला काय हरकत आहे?

अर्थात आपल्या परंपरेतही घाण आहे, ती झाकून चालणार नाही. घोडागाडीच्या शर्यती आपल्या भागात डांबरी रस्त्यावर होतात. पुढे घोडा, आणि मागे वीस-पंचवीस मोटारसायकली, हॉर्न दाबून धरलेले, मागे बसलेला उभा राहून ओरडतोय, समोरून येणारा जीप-टेम्पो शेतात उतरतोय. त्या मोटारसायकलींवर फक्त पोरं नसतात, पोरांचे काका-मामा असतात. रस्ता थोडा वेळ आपल्या बापाचा समजायचा, हा धडा पोरं तिथे घेतात. मग घरी येऊन म्हणायचं, टोकियोने बिघडवलं.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मोटार वाहन कायदा, १९८८, त्याचं १८९ वं कलम थेट याच विषयाचं आहे: सरकारची लेखी परवानगी नसताना सार्वजनिक जागी वेगाची शर्यत किंवा चाचणी. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्याला दंड होता पाचशे रुपये. आता पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. कलमातले ‘लेखी परवानगी’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. म्हणजे कायद्यालाही शर्यत मुळातच अमान्य नाही. परवानगीचं दार त्याने ठेवलंय. फक्त आपल्या जिल्ह्यात ते दार ठोठावायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. दुसरं कलम १९९-अ. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. दोनशे सीसीवाल्या बापांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावं. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या धारवाड खंडपीठाने रस्त्यावर पुढचं चाक उचलून व्हीली मारणाऱ्या एका तरुणाला जामीन नाकारला आणि अशा प्रकारांसाठी याहून कडक तरतूद करा असं सरकारला सांगितलं.

कडक तरतूद कराच. पण नुसती तरतूद वाढवून काय होतं ते पुण्यात दिसलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. ती काही शर्यत नव्हती, दारू पिऊन चालवलेली गाडी होती. पण बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं उघड झालं. सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत वजनदार आईबापांचं पोर सुटतं ते बघून आपण हसतो, आणि पडद्याबाहेर आपल्याकडे ते अगदी तसंच घडतं. फरक इतकाच की तिथे फुटलेल्या भिंती कुणाच्या राहत्या घराच्या नव्हत्या. बेळगावात पोर्शे नसतील, पण ‘अण्णांना फोन लाव’ ही सोय आहेच. अण्णा कन्नड बोलतात की मराठी, याने काही फरक पडत नाही; या एका बाबतीत आपल्या शहरात भाषेचा वाद मी कधी पाहिला नाही.

सीमेचा प्रश्न इथे वेगळ्याच रूपात येतो. एका दिवसात आपलं पोरगं तीन राज्यांतून फिरून येतं. केए-२२ ची गाडी शिनोळी ओलांडली की महाराष्ट्रात, चोर्ला उतरली की गोव्यात. एमएच-०९ ची गाडी रविवारी इकडे. कागदावर चलन आता कुठूनही कुठेही जातं. रस्त्यावरचा पोलीस मात्र हद्द आली की थांबतो आणि पोरांना ते पक्कं ठाऊक आहे. गोव्याची बाटली पकडायला याच रस्त्यांवर नाके बसतात, डिकी उघडतात, सीटखाली हात घालतात. ताशी शंभरने सुटलेल्या दुचाकीकडे तीच माणसं चहा पीत बघतात. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी, कसा लागेल तो लागो. चोर्ल्याचं वळण कुणाच्याही वाट्याला गेलं तरी तेवढंच आंधळं राहणार. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा इथल्या पोलिसांनी मिळून या घाटांत वेग मोजायला बसावं, यासाठी कुठल्याही आयोगाची गरज नाही.

आता जागेचं. ट्रॅक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट येतं, कोट्यवधींचं, तीन वर्षं फॉर्म्युला वन होऊन २०१३ नंतर त्या शर्यतीला पारखं झालेलं. कुणी त्याची मागणी करत नाहीये. आपल्याला हवं आहे ते ऑटोक्रॉस नावाचं साधं प्रकरण. सपाट मोकळी जागा, त्यावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून केलेली वळणावळणाची वाट, कडेला जुन्या टायरांच्या भिंती. गाड्या एकेक करून सुटतात आणि शर्यत घड्याळाशी असते. चुकलं तर शंकू पडतो, दोन-चार सेकंद वाढतात, लोक हसतात. रिकाम्या बैलगाडीच्या शर्यतीचा हा सख्खा भाऊ. वेग फार लागत नाही. ओल्या केलेल्या जमिनीवर मागच्या चाकांची गाडी तीस-चाळीसच्या वेगातही घसरवायला शिकता येते, आणि तेवढ्यात चालवणाऱ्याचा घाम निघतो. ज्याला खरोखर ड्रिफ्ट शिकायचंय त्याला याहून चांगली शाळा नाही. देशात या खेळांचं नियमन करणारी एफएमएससीआय ही संस्था आहे, तिचे परवाने आहेत, हेल्मेट-पट्ट्यांपासून रुग्णवाहिकेपर्यंतचे नियम आहेत. कर्नाटकात दक्षिणेकडे अशा स्पर्धा होतात, चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून रॅली निघतात. कोल्हापुरात मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींच्या, फेऱ्या झाल्या आहेत. चेन्नईने २०२४ मध्ये चक्क शहरातला साडेतीन किलोमीटरचा रस्ता रीतसर बंद करून रात्रीची शर्यत भरवली. आपल्या भागात पोराला घड्याळ लावून गाडी पळवायची असेल तर पत्ता सांगायला जागा नाही.

याच गावात उद्यमबाग आहे, हे विसरू नका. इथल्या फाउंड्र्यांत ओतलेले आणि लेथवर घासलेले सुटे भाग देशभरच्या गाड्यांत बसतात. मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, भोवती इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. देशभरातल्या कॉलेजांची पोरं चार पैसे गोळा करून स्वतः गाडी बांधतात आणि ‘बाहा’ या स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला घेऊन जातात. आमच्या पोराला गाडी वेल्ड करता येते, तिचा गिअरबॉक्स उघडता येतो, पण ती पळवून बघायची तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये नाहीतर रात्री मागच्या रस्त्यावर. गाड्यांच्या धंद्यावर जगणाऱ्या शहराने एवढी कंजुषी करणं मला समजत नाही.

जमीन कुठली, हा पुढचा प्रश्न, आणि तो खरा आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी गेल्या तेव्हा शेतकऱ्यांनी किती वर्षं टक्कर दिली ते आपण पाहिलंय. पोरांच्या हौसेसाठी एक गुंठाही शेती जाता कामा नये. गरजही नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने ढिगाने आहेत. प्रत्येकाचं केन यार्ड, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहण्याचं आवार, हंगामात ट्रॅक्टरांनी भरलेलं असतं आणि गाळप थांबलं की पहिल्या पावसापर्यंत नुसती धूळ खात पडतं. सपाट, कुंपण घातलेलं, ट्रकचं वजन सोसणारं, फाटकावर वॉचमन, जवळ पाण्याचा टँकर. एप्रिल-मे मधले चार-पाच रविवार ते भाड्याने द्यायला संचालक मंडळाला काय जड आहे? निवडणुकीच्या सभेला देतातच की. शंकू, टायर, एक रुग्णवाहिका, विमा आणि घड्याळवाले पंच, एवढा खर्च प्रवेश फीमधून निघतो. सरकारी तिजोरीतून मी एक रुपया मागत नाही. खेळायचंय त्याने पैसे मोजावेत. अठराच्या आतल्यांना कार्टिंगपुरतंच, तेही पालक समोर उभे राहून.

‘ट्रॅक दिलात तर वेड वाढेल’ असं मला एका ज्येष्ठ मित्रांनी सुनावलं. वाढेल कदाचित. क्रिकेटचं मैदान दिल्यावर क्रिकेटही वाढतं, काचा मात्र कमी फुटतात. पण त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, ती टाळून पुढे जाता येत नाही. रस्त्यावर पळवणारी पोरं एका जातीची नाहीत. काहींना गाडी हवी असते: तिचा तोल, तिचं वळण, दुसऱ्यापेक्षा अर्धा सेकंद आधी पोचणं. ही पोरं माळावर येतील, रांगेत उभी राहतील, फी देतील, मिस्त्रीशी टायरच्या हवेवरून वाद घालतील. दुसऱ्यांना गाडी नको असते, बघणारे हवे असतात. कॉलेज रोडला, बसस्टॉपसमोर, ज्या क्षणी कुणीतरी मोबाईल वर धरतं त्याच क्षणी यांचं पुढचं चाक उचलतं. २००६ च्या त्या सिनेमात शेवटची शर्यत घाटात आहे आणि जमलेली गर्दी ती आपापल्या मोबाईलच्या पडद्यांवर बघते. रील नावाची वस्तू तेव्हा जन्मायची होती. ही दुसरी पोरं माळावर येणार नाहीत, तिथे शंकू पडल्यावर लोक हसतात ना. त्यांच्यासाठी १८९ आणि १९९-अ ही कलमंच आहेत, आणि ती वापरताना पोलिसाचा हात थरथरू नये. आज तो थरथरतो. ‘पोरगंच आहे, कुठे जाईल पळवायला’ असं त्यालाही मनातून वाटतं, म्हणून सायलेन्सर जप्त करून, दोन शिव्या घालून सोडतो. पळवायला जागा आहे म्हटल्यावर त्याची ती सबब संपेल, आणि आपलीही.

पॉल वॉकर हा ‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेचा मोठा नट. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात एका धर्मादाय कार्यक्रमातून मित्राच्या गाडीत बसून निघाला. गाडी होती पोर्शे कॅरेरा जीटी, रस्ता ताशी पंचेचाळीस मैलांचा, वेग ऐंशी मैलांच्या वर. चालवणारा मित्र अनुभवी, शर्यतींत गाडी चालवलेला. दोघेही जागच्या जागी गेले. रस्ता सार्वजनिक होता. वॉकर चालवतही नव्हता.

दरवर्षी हिवाळ्यात हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत अख्खं बेळगाव बॅरिकेडांत अडकतं आणि आंदोलनांचे मंडप पडतात. आपल्या भागातल्या एखाद्या आमदाराने तिथे दोन साधे प्रश्न विचारावेत. जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत कलम १८९ खाली किती गुन्हे नोंदले गेले आणि किती जणांना शिक्षा झाली? आणि त्याच कलमातली लेखी परवानगी कुणाला हवी असेल तर बेळगाव जिल्ह्यात अर्ज नेमका कुठल्या टेबलावर द्यायचा? उत्तर कन्नडमध्ये आलं तरी चालेल, आम्ही वाचून घेऊ.